प्रेपची गोळी: पहिल्या तपासणीपासून थांबवण्यापर्यंत, क्रमाने

प्रेप म्हणजे एचआयव्हीची लागण नसलेल्या माणसाने, ती होऊ नये म्हणून घ्यायचे औषध. धंदा (देहविक्रय) करणाऱ्या बाईसाठी ती रोजची एक गोळी आहे. घ्यायला सोपी, पण सुरू करून देताना क्रम उलटा होतो. सहा महिन्यांपूर्वीच्या शिबिरातला एचआयव्हीचा रिपोर्ट चालवून घेतला जातो आणि काविळीच्या रिपोर्टसाठी मात्र बाईला पंधरा दिवस थांबवले जाते. व्हायला हवे ते याच्या बरोबर उलट. दुसरी गळती पहिल्या महिन्यात होते. मळमळ, चुकीची वेळ, गावाकडची एक फेरी, आणि बाटली अर्धी राहते.

हा लेख सांगली-मिरज भागातल्या पिअर (वस्तीतल्याच कार्यकर्त्या), ओआरडब्ल्यू (वस्तीत फिरणारे संस्थेचे कार्यकर्ते) आणि समुपदेशकांसाठी आहे, आणि स्वतः गोळी घेऊ पाहणाऱ्या ताईसाठीही. गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते. इथे दिलेला क्रम त्या चिठ्ठीच्या आधीचा आणि नंतरचा आहे.

१. कुणाशीही बोलण्याआधीची तयारी

वस्तीत विषय काढण्याआधी चार गोष्टी हातात हव्यात: चिठ्ठी देणारा डॉक्टर, रक्त तपासणारी जागा, गोळ्यांचा साठा, आणि गोळी फुकट मिळणार की विकत, याचे पक्के उत्तर. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत होते. सांगलीचे सिव्हिल आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय दोन्ही हाताशी आहेत. पण प्रेपची गोळी प्रत्येक ठिकाणी मोफत असेलच असे धरून चालू नका. पहिला महिना फुकट आणि दुसऱ्या महिन्यापासून खिशातून, असे झाले की बाई गोळी सोडते आणि तुमच्यावरचा विश्वासही सोडते. एका बाईचे नाव लिहिण्याआधी तिच्यासाठी निदान तीन महिन्यांच्या, म्हणजे ९० गोळ्यांची सोय बघा.

बाटली हातात आली की आधी तिच्यावरचे घटक वाचा. लिहिलेले असायला हवे: टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल फ्युमरेट ३०० मि.ग्रॅ. आणि एमट्रिसिटाबिन २०० मि.ग्रॅ. काही ठिकाणी एमट्रिसिटाबिनऐवजी लॅमिव्हुडिन ३०० मि.ग्रॅ. असते, तेही चालते.

सावधान: मेडिकलवाला कधीकधी ‘हीच आहे, नवी आली आहे’ म्हणत टेनोफोव्हिर अलाफेनामाइड असलेली गोळी देतो. योनीमार्गातून होणाऱ्या संबंधांसाठी ती प्रेप म्हणून मान्य झालेली नाही. परत करा. तसेच डोल्युटेग्रॅव्हिर किंवा इफाव्हिरेन्झ असलेली तीन औषधांची गोळी ही एचआयव्हीवरच्या उपचाराची आहे. एआरटीवर (एचआयव्हीच्या उपचारावर) असलेल्या मैत्रिणीच्या बाटलीतली गोळी मागून घेणे वस्तीत सर्रास चालते. त्यात मैत्रिणीचा डोस बुडतो, आणि घेणारीला तपासणीशिवाय औषध सुरू होते.

२. बोलणे आणि तिचा निर्णय

एकटीशी बोला. घरवालीसमोर (कुंटणखाना चालवणारीसमोर) नाही, मालकासमोर (तिच्या कायमच्या जोडीदारासमोर) नाही, आणि पंधराजणींच्या मीटिंगमध्ये ‘कोणाकोणाला हवी, हात वर करा’ असे तर मुळीच नाही. घरवालीने सांगितले म्हणून घेतलेली गोळी आठवड्यात उशीखाली जाते. ‘आमच्या घरातल्या सगळ्या मुली गोळीवर आहेत’ असे सांगून घरवाली गिऱ्हाईक ओढू लागली, तर निरोधचा आग्रह धरायची बाईची ताकदच जाते.

तीन गैरसमज इथेच दूर करावे लागतात, नंतर ते महाग पडतात.

पहिला माला-एन या गर्भनिरोधक गोळीमुळे होतो. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, त्यातल्या शेवटच्या सात लोहाच्या. त्यामुळे महिन्यातला एक आठवडा मोकळा असतो, अशी सवय मनात बसलेली असते. प्रेपला पाळीची सुट्टी नाही. तिने मूल राहणेही थांबत नाही.

दुसरा ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीमुळे. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती घेणारी बाई प्रेपही तशीच घेऊ लागते. दोन्ही गोळ्या एकत्र चालतात, अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शनही चालते, पण प्रेप रोज म्हणजे रोजच.

तिसरा गैरसमज मोबाइलवरून येतो: संबंधाआधी दोन, नंतर एक, मग एक. ही पद्धत पुरुषांसाठी आहे. बाईच्या योनीमार्गात औषधाची पातळी गुदमार्गापेक्षा सावकाश वाढते आणि कमीही राहते. म्हणून ‘शनिवार-रविवार गिऱ्हाईक जास्त, तेवढ्यापुरती घेते’ हे बाईला चालत नाही.

निरोधबद्दल आडपडदा न ठेवता सांगा. प्रेप फक्त एचआयव्ही अडवते. गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया), गर्भ यातले काहीच अडवत नाही. मग गोळी कशासाठी? निरोध फाटतो, दारू प्यायलेला माणूस तो मध्येच काढतो, मालकाबरोबर तो बहुतेक वापरलाच जात नाही. त्या वेळांसाठी गोळी आहे. मालक एआरटीवर असेल आणि त्याचा व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) सहा महिने ‘आढळत नाही’ असा येत असेल, तर त्याच्यापासून लागण होत नाही. तोपर्यंत आणि बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी गोळीचा उपयोग आहेच.

गोळी घेते हे गिऱ्हाइकाला कधीच सांगायचे नाही, हे स्पष्ट बोला. ‘गोळी खातेस ना, मग कंडोम कशाला’ हे वाक्य दुसऱ्याच दिवशी ऐकू येते.

इथे थांबून बघा: ‘ही गोळी कधी घ्यायची, कशापासून वाचवते, कशापासून नाही’ हे ती तिच्या शब्दांत सांगू शकते का? अडखळली तर तारीख पुढची द्या. ‘नको’ म्हणाली तर नको. निरोध, तपासणी, बाकीच्या सेवा पूर्वीसारख्याच चालू राहतील, हेही त्याच बैठकीत सांगा.

३. आधी ७२ तासांचा प्रश्न, मग एचआयव्ही तपासणी

सुई टोचण्याआधी एक प्रश्न विचारायचाच: ‘गेल्या तीन दिवसांत निरोध फाटला, किंवा बिननिरोध झाले का?’ उत्तर ‘हो’ असेल तर प्रेप बाजूला. आता पेप लागेल. लागण होण्याची शक्यता असलेल्या प्रसंगानंतर जितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायचे ते तीन औषधांचे औषध. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत किंवा एआरटी केंद्रात लगेच न्या, ‘उद्या ओपीडीत बघू’ म्हणू नका. २८ दिवस पुरे झाले, तपासणी निगेटिव्ह आली, की मध्ये एकही दिवस न घालवता पेपवरून प्रेपवर येता येते.

उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरा प्रश्न: महिन्याभरात ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ, मानेत किंवा काखेत गाठी? लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत असा आजार येऊ शकतो आणि त्याच दिवसांत रॅपिड टेस्ट निगेटिव्ह दिसू शकते. हल्लीचा धोका आणि अशी लक्षणे दोन्ही असतील, तर डॉक्टरांना दाखवून सुरुवात पुढे ढकला आणि परत तपासा.

मग आयसीटीसी. रिपोर्ट गोळी सुरू करण्याच्या दिवसाचा किंवा फार तर आठ दिवसांच्या आतला हवा. कागदावरची तारीख स्वतः वाचा. वस्तीतल्या स्क्रीनिंगमध्ये एकच टेस्ट होते. ती रिअ‍ॅक्टिव्ह (लागणीची शक्यता दाखवणारी) आली तर आयसीटीसीत पक्की तपासणी झाल्याशिवाय काहीही बोलू नका आणि गोळीही देऊ नका.

इतका कडकपणा का? प्रेपमध्ये दोनच औषधे आहेत. लागण झालेल्या शरीरात ती विषाणूला दाबून टाकायला पुरत नाहीत, आणि विषाणू त्याच औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. पुढे तिच्या उपचारात हीच औषधे लागणार असतात.

तपासणीसाठी तिची संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा हेच सांगतो. पिअरने निकाल बाहेर फोडणे हा नुसता आगाऊपणा नाही, तो कायद्याचा भंग आहे.

४. बाकीचे रक्त, जे सहसा अडवत नाही

त्याच खेपेला मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, काविळ-बीची (हिपॅटायटिस बी) एचबीएसएजी आणि गरमीची आरपीआर किंवा व्हीडीआरएल यांसाठी रक्त घ्या. दोन खेपा केल्या की दुसरीला बाई येत नाही.

एचबीएसएजी आणि गरमीचा रिपोर्ट यायचा असला तरी गोळी सुरू करता येते. गरमी निघाली तर सुरक्षा क्लिनिकमध्ये (सरकारी गुप्तरोग दवाखान्यात) उपचार होतो, प्रेप चालू राहते. काविळ-बी नसेल तर तिच्या लशीचे तीन डोस, आज, एका महिन्याने, सहाव्या महिन्याला. असेल तरीही प्रेप घेता येते, कारण टेनोफोव्हिर त्या विषाणूवरही चालते. मात्र ती कधी बंद करायची हे डॉक्टरच ठरवतील. तिच्या प्रेपच्या कार्डावर तसे ठळक लिहा.

क्रिएटिनिन जरा नीट समजून घ्या, कारण इथे रिपोर्ट फसवतो. लॅबच्या कागदावर १.० म्हणजे ‘नॉर्मल’ छापून येते. पण आपल्याला लागतो तो क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड किती गाळते याचा आकडा, आणि तो निदान ६० हवा. हिशोब असा: १४० मधून वय वजा करा, त्याला किलोतल्या वजनाने गुणा, बाईसाठी ०.८५ ने गुणा, आणि ‘७२ गुणिले क्रिएटिनिन’ने भागा. बाई ३५ वर्षांची, ४५ किलोची. क्रिएटिनिन ०.९ असेल तर उत्तर येते ६२, म्हणजे चालेल. तीच बाई, क्रिएटिनिन १.०, तर उत्तर ५६. कागदावर दोन्ही ‘नॉर्मल’. हडकुळ्या बाईच्या बाबतीत हा हिशोब केलाच पाहिजे, आणि त्यासाठी वजन त्याच दिवशी काट्यावर घ्या, अंदाजाने लिहू नका.

६० च्या खाली आले म्हणून लगेच ‘तुला चालत नाही’ असे सांगू नका. अंगदुखीसाठी ती रोज डायक्लोफिनॅक घेत होती का, जुलाब-उलट्या झाल्या होत्या का, ते विचारा. डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसऱ्या दिवशी परत रक्त द्या. तेव्हाही कमी आले तर मात्र टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल नको.

बीपी, साखर किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, किंवा वय पन्नासच्या पुढे आहे, तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट हातात आल्यावरच गोळी. तिशीच्या आतली, कसलाही आजार नसलेली बाई असेल तर त्यासाठी थांबवू नका.

गरोदर आहे, अंगावर पाजते, टीबीचे औषध चालू आहे, यातल्या कशानेही ही गोळी बंद होत नाही. डॉक्टरांना सांगायचे मात्र सगळे.

५. वेळ ठरवणे आणि पहिले २१ दिवस

सगळ्यात जास्त घोळ या टप्प्यात होतो. ‘रात्री नऊ वाजता’ ही वेळ कार्यक्रमवाल्यांच्या सोयीची आहे. सांगलीच्या गोकुळनगर वस्तीतल्या बाईसाठी रात्री नऊ म्हणजे धंद्याचा भर. ‘झोपताना घे’ हेही तसेच. ती पहाटे तीनला झोपणार, कधी दारू पिऊन, कधी पाचला. आणि मध्यरात्री तारीख बदललेली असते, म्हणून ‘कालची घेतली का आजची’ हा गोंधळ.

त्याऐवजी उठल्यावरच्या पहिल्या चहाशी गोळी बांधा, मग तो अकराला असो की साडेबाराला. तासाभराने मागेपुढे झाले तर बिघडत नाही. जेवणाआधी किंवा नंतर, कशीही चालते. उपवासाच्या दिवशीही पाण्याबरोबर घ्यायची. मंगळवार-शुक्रवार कडक पाळणाऱ्या बाईला हे आधीच सांगा, नाहीतर आठवड्यातल्या दोन गोळ्या सरळ जातात.

बाटली कुठे ठेवणार हेही तिच्या खोलीत उभे राहून ठरवा. पत्र्याखालच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये वरच्या फळीवर औषध तापते. चुलीजवळ, फ्रिजवर, खिडकीत नको. खालच्या पेटीत, कपड्यांच्या घडीत ठीक. लेबल कुणी वाचेल अशी भीती असेल तर आठवड्याच्या सात गोळ्या छोट्या कोरड्या डबीत काढा. बाकीच्या मूळ बाटलीतच राहू द्या, आणि आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका.

गोळी घेतली म्हणजे लगेच संरक्षण मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना बाईसाठी रोजच्या सात गोळ्यांनंतर संरक्षण धरते. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या सूचनेत हा काळ सुमारे २१ दिवसांचा आहे. वस्तीत २१ च सांगा. जास्त सावध राहिल्याने नुकसान होत नाही. कॅलेंडरवर सुरुवातीच्या दिवशी आणि २१ व्या दिवशी तिच्याच हाताने खूण करून घ्या.

६. पहिला महिना

पहिल्या आठवड्यात दोनदा भेट, मग आठवड्यातून एकदा. फोन करायचा असेल तर फोन कोण उचलते ते विचारून ठेवा, आणि मेसेजमध्ये ‘गोळी’ हा शब्द नको. दोघींत आधी ठरलेले साधे वाक्य पुरते.

काही जणींना मळमळ, पोट बिघडणे, डोके दुखणे, थकवा असा त्रास होतो. बहुतेक वेळा महिन्याच्या आत तो ओसरतो. चहाबरोबर मळमळत असेल तर पहिल्या जेवणानंतर घ्यायला सांगा. हे आधीच सांगितलेले असले तर बाई टिकते. न सांगितलेली मळमळ म्हणजे ‘औषध मला उष्ण पडले’, आणि मग बाटली कचऱ्यात. उलटी थांबत नाही, अंगावर पुरळ आले, डोळे पिवळे दिसले, लघवी कमी झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

सावधान: अंगदुखीवर रोज डायक्लोफिनॅक किंवा ‘दुखण्याची सुई’ घ्यायची सवय असेल तर ती मोडायला मदत करा. टेनोफोव्हिरबरोबर त्याचा मूत्रपिंडावर ताण येतो. लागलेच तर पॅरासिटामॉल. दारूमुळे गोळीचा परिणाम कमी होत नाही. ‘आज प्यायलेय, म्हणून गोळी नको’ हा उलटा समज आहे. प्यायलेल्या दिवशी तर गोळी हवीच.

चुकलेल्या गोळीचा नियम असा. आठवली की त्याच दिवशी घ्या. दुसरा दिवस उजाडला असेल तर कालची सोडा, आजची एकच घ्या. एका दिवशी दोन नाहीत. एखादी चुकली म्हणून बंद करू नका, पण निरोध जास्त जपा. आठवड्याहून मोठा खंड पडला तर एचआयव्ही तपासणी परत, आणि २१ दिवसांची मोजणीही नव्याने.

इथे थांबून बघा: ३० गोळ्यांची बाटली दिली तो दिवस आणि आजचा दिवस मोजा, उरलेल्या गोळ्या मोजा. पण ‘बघू दाखव’ असा आवाज लावून नव्हे. बाईला ती झडती वाटली की ती उरलेल्या गोळ्या मोरीत टाकून रिकामी बाटली दाखवते. ‘कुठल्या दिवशी जड जाते?’ असे विचारा. उत्तर बहुतेक वेळा ‘मालक मुक्कामाला असतो तेव्हा’ असे येते, आणि मग डबी कुठे ठेवायची यावर काम करता येते.

७. गावाला जाताना

सांगली-मिरजेतल्या कितीतरी जणींचे गाव कर्नाटकात आहे. दिवाळी, मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा, घरातले लग्न. ‘आठ दिवसांत येते अक्का’ म्हणून गेलेली महिन्याने येते. गोळ्या संपतात, नाहीतर घरी कुणी बघेल म्हणून इथेच राहतात.

म्हणून यात्रेच्या हंगामाच्या तीन आठवडे आधी यादी काढा आणि जाण्याच्या दिवसांवर पंधरा गोळ्या जास्तीच्या द्या. गावाकडे विचारले तर काय सांगायचे, तेही तिच्याबरोबर ठरवा. शंका आली आणि तुमचा फोन लागला नाही, तर १०९७ ही एचआयव्हीची मोफत हेल्पलाइन तिला पाठ असू द्या.

८. एका महिन्याने, मग दर तीन महिन्यांनी

महिन्याने एचआयव्ही तपासणी परत करायची. पहिल्या वेळी लागण अगदी ताजी असली तर ती तेव्हा दिसली नसेल. ही तपासणी निगेटिव्ह आली की तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला हरकत नाही. पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्ही आणि त्याबरोबर गुप्तरोगाची तपासणी. क्रिएटिनिन डॉक्टर सांगतील तसे. आजार असेल किंवा वय पन्नासच्या पुढे असेल तर सहा ते बारा महिन्यांनी.

नियम एकच: नवी बाटली नव्या रिपोर्टवर. ‘आज गर्दी आहे, गोळ्या ने, रक्त पुढच्या वेळी’ ही सवलत देऊ नका.

तपासणी रिअ‍ॅक्टिव्ह आली, तर त्याच दिवशी स्वतः बरोबर जाऊन आयसीटीसीत पक्के करा आणि एआरटी केंद्रात पोहोचवा. ती प्रेपवर होती आणि शेवटची गोळी कधी घेतली, हे तिथल्या डॉक्टरांना सांगा. ‘गोळ्या नीट खाल्ल्या नाहीस’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून निघता कामा नये.

वर्षातून दोनदाच घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनची चौकशी आता होऊ लागली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये त्याची शिफारस केली. ते येईल तेव्हा चांगलेच, पण तोपर्यंत कुणाला थांबवून ठेवू नका.

९. थांबवायचे असेल तर

धंदा सोडला, गावी कायमची चालली, किंवा नकोच झाली, तर थांबवता येते. व्यसन लागत नाही. पण शेवटच्या धोक्याच्या प्रसंगानंतर लगेच नाही. जागतिक आरोग्य संघटना त्यानंतर निदान सात दिवस घ्यायला सांगते. जुनी सूचना २८ दिवसांची होती आणि काही डॉक्टर अजून तीच देतात. तिच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते पाळा. थांबवताना एचआयव्ही तपासणी करा आणि तारीख कार्डावर लिहा.

कार्डावर काविळ-बी पॉझिटिव्ह लिहिले असेल तर डॉक्टरांना न विचारता एक दिवसही बंद नाही. अचानक बंद केल्याने यकृताला जोराची सूज येऊ शकते. बंद केल्यावरही काही महिने यकृताच्या तपासण्या लागतात.

उरलेल्या गोळ्या दुसऱ्या बाईला देऊ नका, केंद्रात परत आणा. चार महिन्यांनी ती परत आली आणि ‘पुन्हा सुरू करते’ म्हणाली, तर जुने कार्ड काढा, पण काम टप्पा ३ पासून, ७२ तासांच्या प्रश्नापासून सुरू करा.